घर आमचं, रिसेटचा कोड तुमच्या खिशात

दिनांक : 14 ऑगस्ट 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अलार्म वाजल्यानंतर ग्राहकाला यंत्रणा रिसेट करता येत नसल्याबाबत

महोदय,

मुलुंड पूर्वेला आमच्या घरी तुमची सुरक्षा यंत्रणा बसवलेली आहे. गेल्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमारास सायरन सुरू झाला. सासूबाईंनी कीपॅडवर कोड दाबला, आवाज बंद झाला. इथवर माझी तक्रार नाही.

पण लाल दिवा विझेना, पीं-पीं थांबेना. दारं-खिडक्या लावून यंत्रणा पुन्हा चालू करायला गेलं की स्क्रीनवर ‘सर्व्हिसला फोन करा’. म्हणजे आमच्या कोडने फक्त सायरन गप्प होतो. रिसेटला वेगळा कोड लागतो आणि तो टेक्निशियनकडेच असतो! विकताना हे कोणी बोललं नाही, पुस्तिकेतही नाही. (पुस्तिका मराठीत नाही, ते जाऊ द्या.)

टेक्निशियन उगवेपर्यंत यंत्रणा नुसती भिंतीवर टांगलेली. तो आला, पॅनेलचं झाकण उघडलं आणि टॅम्पर स्विचमुळे (कोणी झाकण उघडलं की अलार्म देणारा स्विच) सायरन पुन्हा सुरू. भरदुपारी अख्खा मजला दारात, सेक्रेटरींचा फोन वेगळाच. मग कीपॅडपुढे हात आडवा धरून, आमच्याच घरात आमच्यापासून लपवून, त्याने कोड दाबला आणि व्हिजिट चार्जची पावती पुढे केली.

कारण काय, तर पाल. पटण्यासारखं आहे. हॉलमधला सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. थेट भिंगावरून पाल सरकली तर त्याला ती माणसाएवढी वाटू शकते. पण पावसाळ्यात ट्यूबलाइटपाशी पाल नाही असं मुंबईतलं एक घर दाखवा. सेन्सर ट्यूबलाइटखाली लावला तुमच्याच माणसांनी. वायरीसाठी पाडलेलं भोकही उघडंच. सिलिकॉन भरायला कितीसा वेळ लागतो?

रिसेटबद्दल कॉल सेंटरला विचारलं तर ‘कंपनीची पॉलिसी’. ब्रिटनमध्ये जिथे अलार्मवर पोलीस धावून येतात, तिथे कारण तपासल्याशिवाय यंत्रणा चालू होऊ नये म्हणून अशी पद्धत आहे. समजू शकते. आमच्याकडे सायरन वाजतो आणि माझ्या मोबाइलवर कॉल येतो, बस. 112 फिरवायचा तो मीच. मग ही अडवणूक व्हिजिट चार्जसाठीच आहे, असं मी म्हटलं तर काय चुकलं?

27 तारखेला गणपती. शनिवारी, 23 च्या रात्री आम्ही सगळे कणकवलीला निघणार, घर बंद. यंत्रणा घेतली ती याच दिवसांसाठी. मागे पुन्हा पाल फिरली, तर शेजारच्या काकू कोड दाबून आवाज बंद करतील, पण त्यानंतर विसर्जनापर्यंत घराला राखण कुणाची?

तेव्हा 22 ऑगस्टच्या आत सेन्सरची जागा बदला, भोक बुजवा, आणि मालकाच्या कोडने रिसेट होईल अशी सेटिंग करून द्या. ती पॅनेलमध्ये करता येते, हे तुमच्याच टेक्निशियनने सांगितलं. व्हिजिट चार्जही परत हवा आहे. उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

तसं न झाल्यास आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. 2019 च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो तिथेच दाद मागता येते, तुमचं मुख्य कार्यालय कुठल्याही शहरात असो.

पावतीची प्रत आणि कीपॅड व सेन्सरचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक, मुलुंड (पूर्व), मुंबई