तेरा टाकसाळी, तेरा नाणी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात पाच हजार जुनी नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांची माहिती आली होती. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण ती बातमी वाचून आमच्या गावातली दोन पोरं दुकानात आली आणि विचारू लागली, "काका, जुने नाणे किलोवर कुठी भेटतीन?" म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावचा सोनार आहे. दुकान तिसऱ्या पिढीचं. माझ्याजवळ रोमन साम्राज्याची अकरा नाणी आहेत. ती तेरा झाली की मी थांबणार आहे.

तेराच का, ते सांगतो. सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. 330 मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी वसवली. त्या सुमारास त्याच्या राज्यात तांब्याचं एक लहानसं नाणं निघू लागलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं निघत राहिलं. एका बाजूला सम्राटाचा किंवा त्याच्या घराण्यातल्या कोणाचा तरी चेहरा. दुसऱ्या बाजूला भाला-ढाल घेतलेले दोन शिपाई समोरासमोर उभे, मधे सैन्याची निशाणं, आणि भोवती लॅटिन अक्षरं, 'ग्लोरिया एक्झर्सितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. शिपायांच्या पायाखाली एक रेघ असते आणि रेघेखाली तीन-चार बारीक अक्षरं. नाणं कोणत्या गावी ठोकलं ते ही अक्षरं सांगतात. अशा टाकसाळी होत्या तेरा. जर्मनीतलं ट्रिअर, फ्रान्समधली ल्यों आणि आर्ल, इटलीत रोम आणि अक्विलिया, क्रोएशियातलं सिसाक, ग्रीसमधलं थेसालोनिकी, आजच्या तुर्कस्तानात हेराक्लिया, कॉन्स्टँटिनोपल, निकोमिडिया, सिझिकस आणि अँटिऑक, शेवटी इजिप्तचं अलेक्झांड्रिया. एकाच चित्राचं नाणं, तेरा गावांचं. एवढाच माझा संग्रह. ही नाणी तेव्हा अमाप निघाली, म्हणून माझ्यासारख्याला ती परवडतात. पहिलं घेतलं ते हजार-बाराशेला, पुण्याच्या एका प्रदर्शनात, पावतीसकट.

खरं तर मला आधी तिबेरियस सम्राटाचं चांदीचं दिनारियस हवं होतं. दक्षिण भारतात ती नाणी ढिगानं सापडली आहेत आणि आपल्या कापसाच्या मुलखाचाही त्या व्यापाराशी संबंध आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलं आहे की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई, आणि त्यात तेरचं साधं कापड पुष्कळ असे. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी इथल्या नाण्यांशी बदलून घेण्यात नफा होता, असंही त्यात आहे. पण दिनारियसची किंमत ऐकून मी हात मागे घेतला. आता वाटतं, बरं झालं. एक महागाचं नाणं घेऊन कपाटात ठेवलं असतं, तर या तांब्यानं जे शिकवलं ते शिकलो नसतो.

माझं चौथं नाणं मी कॉन्स्टँटिनोपलचं म्हणून घेतलं. रेघेखाली 'कॉन्स्ट' असं स्वच्छ दिसत होतं. वर्षभर मी ते सगळ्यांना इस्तंबूलचं नाणं म्हणूनच दाखवलं. एके रात्री दुकान बंद करताना भिंगातून पाहिलं, तर 'कॉन्स्ट'च्या आधी 'पी' होता. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावर नुसतं 'कॉन्स' आणि त्याच्यानंतर टाकसाळीतल्या कारखान्याचं ग्रीक अक्षर येतं, अल्फा, बीटा असं. आधी 'पी' आणि मग 'कॉन्स्ट', ही आर्लची खूण. सम्राटाच्या घराण्यावरून आर्लचं नाव त्या काळी कॉन्स्टँटिना ठेवलं होतं. एका अक्षरानं माझं नाणं तुर्कस्तानातून उचलून फ्रान्समध्ये नेलं. पाच हजार नाणी असती, तर त्या एकाकडे मी दुसऱ्यांदा भिंग लावलं असतं का?

वजनाचंही तसंच. आमचा काटा मिलीग्रॅमपर्यंत दाखवतो. सुरुवातीच्या नाण्यांवर शिपायांच्या मधे दोन निशाणं आहेत. अशी माझ्याजवळ सहा आहेत, त्यातलं एक दोन ग्रॅम चारशे चाळीस मिली भरतं. इ.स. 335 च्या सुमारास नाणं हलकं केलं, आकार आक्रसला, आणि मधे निशाण एकच उरलं. तसलं एक काट्यावर टाकलं तर एक ग्रॅम सहाशे दहा. सरकारनं धातू कमी केला आणि चित्रातून एक निशाण काढून घेतलं, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी माझ्या काट्यावर पाहिलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आता माझ्या हातून झालेलं एक नुकसान सांगतो. सोनाराच्या हाताला सवय असते, काळं पडलेलं दिसलं की लावली चिंच, घेतला रिठा, मारला ब्रश. दुसरं नाणं आलं तेव्हा मी तेच केलं. हिरवा-काळा थर निघाला, नाणं तांब्यासारखं लाल झालं आणि थराबरोबर रेघेखालची अक्षरंही गेली. जवळपास सतराशे वर्षं त्या थरानंच ती अक्षरं धरून ठेवली होती. ते नाणं कोणत्या टाकसाळीचं हे आता कळायला मार्ग नाही. मी ते तेरात धरत नाही, पण गल्ल्यात समोरच ठेवतो. आता माती चिकटलेलं नाणं आलं तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात आठवडे भिजत ठेवतो, पाणी बदलत राहतो, आणि भिंगाखाली बाभळीच्या काट्यानं कण-कण माती काढतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात फिकट हिरवी पूड धरली तर ते नाणं लगेच वेगळं करावं. नाण्यातल्या क्षाराला ओल मिळाली की धातू आतून खाल्ला जातो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तर ठेवूच नये.

नकली नाणंही एकदा पदरात पडलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. ते ओतीव निघालं. खरं नाणं ठशानं ठोकलेलं असतं, त्याची अक्षरं धारदार उठतात. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात आणि कडेला साच्याची शिवण, कानसीनं घासलेली. जन्मभर ओतकाम केलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं, पण घाई नडली.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण आता सांगतो.

माझ्या लहानपणी नांगरटीच्या दिवसांत लोक शेतात सापडलेली नाणी आमच्या दुकानात आणायचे. वडील ती काट्यावर टाकायचे, धातूचा भाव द्यायचे आणि ती गाळायला बागेसरीवर, म्हणजे आमच्या शेगडीवर, मूस चढवायचे. मी भाता मारायचो. एकदा मुशीत टाकायच्या आधी एका नाण्यावर मला सोंड वर केलेला हत्ती दिसला होता. वडिलांना दोष देत नाही, तेव्हा सगळेच असं करायचे. पण आमच्याच तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला, इतिहासाचे अभ्यासक महामहोपाध्याय मिराशींनी त्याचा अभ्यास करून तो जगापुढे आणला, आणि त्या नाण्यांवरही तसाच सोंड उंचावलेला हत्ती आहे, हे मला फार उशिरा कळलं. ती मूस अजून आठवते.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक मुलगा रुमालात मूठभर नाणी घेऊन आला. "काका, हे काही कामाचे नाही, गाळून टाका. दोन पैसे येतीन." मी भिंग लावलं. तोच हत्ती. रोमन नाण्यांवर इतकी वर्षं डोळे फोडले नसते तर या मळकट चकत्यांवर मी थांबलो असतो का, सांगता येत नाही. त्याला चहा पाजला, हत्ती दाखवला आणि त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात गेलो. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लोक घाबरतात ते याच ठिकाणी. पण सरकारनं तो ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आमच्या मुशीपेक्षा तो भाव चांगला आहे, हे मी सोनार म्हणून सांगतो.

त्या दोन पोरांनाही मी हेच सांगितलं. किलोवर नाणी मागू नका. एक राजा घ्या, एक चित्र घ्या, नाहीतर एक गाव. पावतीशिवाय घेऊ नका आणि शेतातून निघालेलं विकतही घेऊ नका. त्यातल्या एकाला मी अँटिऑकचं नाणं आणि भिंग हातात दिलं. रेघेखालची अक्षरं लावायला त्याला पाऊण तास लागला, तेवढा वेळ त्यानं मोबाईल काढला नाही. कॉन्स्टंटाइन त्या नाण्यावर होता त्या सुमारास आपल्या वाशीमला, म्हणजे वत्सगुल्माला, वाकाटक घराण्याचा राजा सर्वसेन राज्य करत होता, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग त्याचे नाणे कुठी हायेत?" वाकाटकांची नाणी फारच तुरळक मिळतात. त्याचा प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

आपल्याला एकच विनंती आहे. दरवर्षी उन्हाळी नांगरट सुरू झाली की जिल्हा पानावर एक छोटी चौकट छापावी. शेतात जुनं नाणं किंवा भांडं सापडलं तर ते घासू नये, गाळू नये, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, आणि मोबदला कसा मिळतो तेही त्यात यावं. आमच्या गावात आपला अंक पारावर वाचला जातो आणि सोनारांच्या दुकानांतही येतो. ती चौकट मी माझ्या काट्याच्या वर चिकटवीन.

माझी हेराक्लिया आणि ल्यों अजून यायची आहेत.

आपला नियमित वाचक,
एक सोनार, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम