टक्के नकोत, किलो सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) आणि बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणे) या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांची तुलना आली होती, तीही फक्त टक्क्यांत. याच टक्क्यांनी आमच्या घरात घोळ घातला, म्हणून लिहितो.

माझ्या बहिणीची उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो. तीन वर्षांपूर्वी तिची स्लीव्ह झाली. माहितीपत्रकात '७० टक्के वजन घटते' असे छापले होते. हे टक्के एकूण वजनाचे नसून जादा वजनाचे, हे कोणी सांगितले नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २५ धरला तर तिचे वजन ६४ किलो हवे. म्हणजे जादा ४६, आणि टक्के त्या ४६ चे. आज ती ८४ किलोंवर आहे. २६ किलो उतरले, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, जिना न थांबता चढते. तरी 'एवढा खर्च करून एवढंच?' हे तिने घरातच ऐकले आणि आपलेच काही चुकले असे ती धरून बसली. याचा मला अजून राग येतो.

फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांना, निवड नशिबावर सोडून, या दोन शस्त्रक्रियांत विभागले गेले. दहा वर्षांनी स्लीव्हच्या गटात जादा वजनाची घट ४३.५ टक्के होती, बायपासच्या गटात ५१.९. बहिणीच्या मापाने २० किलो आणि २४ किलो. फरक चार किलोंचा! पण आम्ल वर चढून अन्ननलिकेला येणारी सूज स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत आढळली, बायपासनंतर ७ टक्के. बहिणीला आधीपासून आम्लपित्त होते. ते कोणी विचारलेच नाही. आता ती उशा रचून झोपते. बायपासही सोपा नाही. त्यात आतड्याचा काही भाग वगळला जातो, त्यामुळे लोह, बी-१२, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहारी घरात तर हे आधीच कळायला हवे.

साधारण पहिल्या दीड-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते, पुढे थोडे चढते. जाहिरातीत तोच खालचा आकडा असतो. पुरवणीत पुन्हा तुलना छापाल तेव्हा पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे आकडे किलोंत द्यावेत, आणि शेजारी आम्लपित्ताचा रकाना ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा