भीमथडी घोडीला मारवाडी पट्टी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात घोड्यांच्या प्रदर्शनाचे रंगीत फोटो आले होते. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा नुकरा, पाठीवर फेटेवाला स्वार, मागं टाळ्या वाजवणारी माणसं. फोटो झकास आहे. त्याच मैदानात, त्याच दिवशी, माझी तेरा वर्षांची पोरगी आमची तांबडी घोडी घेऊन जन्मात पहिल्यांदा रिंगणात उतरली होती. त्याविषयी हे पत्र. गावाचं, आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं भली होती, चहा-नाष्टाही दिला. माझं भांडण आहे ते त्यांच्या मार्कांच्या तक्त्याशी.

आम्ही फलटण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की भावांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसांचा सगळा तांडा, वरंधा घाट उतरून कोकणात जातो आणि मिरगाच्या आत माघारी येतो. सगळं बिऱ्हाड घोड्यांवर. वाकळा, घोंगडी, भांडी, मेंढरं कोंडायची वाघर, वर दमलेली दोन-चार कोकरं आणि एखादी बांधलेली कोंबडी. ती ही भीमथडी घोडी. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती यांच्या पंगतीत आमची तट्टं बसली. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा वडील म्हणाले, "आत्ता नोंदलं व्हय? मग इतकी वर्सं आपण काय हाकत होतो?"

यंदा पोरांच्या शाळेपायी मी गावातच थांबलो आणि तांबडीला ठेवून घेतलं. आठ वर्षांची, दात जुळलेली, खांद्यावर टेप लावला तर ५१ इंच. थोरलीनं प्रदर्शनाची जाहिरात बघितली आणि हट्ट धरला. मी म्हटलं, घोडी चालवता येते, बस्स, आणखी काय लागतं? लागतं, हे पुढच्या तीन महिन्यांत कळलं.

आधी कागद. ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा दाखला नसेल तर घोडी मैदानात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हा रोग माणसालाही होतो. रक्ताचा नमुना द्यायचा आणि अहवालाची वाट बघायची. तेव्हा नवख्यांनी हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

मग खरारा. आम्ही घोडीला खरारा करतो तो सणासुदीला. थोरलीनं रोज शाळेआधी अर्धा तास धरला. आधी रबरी खरारा गोल गोल, मग ताठ केसांचा ब्रश केसांच्या दिशेनं, शेवटी ओलसर फडकं. पहिल्या आठवड्यात इतकी धूळ निघाली की आईनं तिला गोठ्याबाहेरच कपडे झटकायला लावले. महिन्याभरात घोडी तांब्याच्या हंड्यासारखी दिसायला लागली. तेल नाही, चमकी नाही, केस रंगवणं नाही. शेपूट रिठ्यानं धुतली. आंघोळ घातली ती आदल्या दिवशी भर दुपारी, म्हणजे रात्रीच्या थंडीच्या आत अंग सुकतं.

सगळ्यात मोठं काम गाडीत चढवायचं. तांबडी पायी घाट उतरलेली. पिकअपचा हौदा तिनं कधी बघितला नव्हता. पहिल्या दिवशी चार माणसांनी ढकललं तरी जागची हलली नाही, वर माझ्या पायावर पाय दिला. मग शेजाऱ्याची पिकअप उलटी आणून शेताच्या बांधाला भिडवली. हौदा आणि बांध एका पातळीत आले. हौद्यात भुसा पसरला, पुढच्या टोकाला चंदीची, म्हणजे घोडीच्या खुराकाची, पाटी ठेवली आणि थोरलीला सांगितलं, तू नुसती शेजारी बस, बोलावू नकोस. दोन दिवस घोडी बांधावरून मान लांब करून पाटी चाटत राहिली. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत. पाचव्या दिवशी अख्खी घोडी आत, आणि आता बाहेर काढायची पंचाईत. दहा दिवस हेच चाललं. ज्यांना घाई आहे त्यांनी घोडी प्रदर्शनाला नेऊ नये, असं मी म्हणेन.

रिंगणात घोडी धरून पळवून दाखवायची असते. पोरीला सवय घोडीच्या पुढं चालायची, दावं खांद्यावर टाकून. तसं ओढलं की घोडी मान ताणते, मागं बसते, आणि परीक्षकाला दिसतो तो नुसता हनुवटीचा खालचा भाग. धरणाऱ्यानं डाव्या अंगाला, घोडीच्या खांद्याच्या बरोबरीनं राहायचं, नजर समोर ठेवायची आणि मग दुडकी धरायची. मागं वळून घोडीकडं बघितलं की ती थांबलीच. आमच्या पाणंदीत धाकटा मागून टाळी वाजवत यायचा, थोरली पुढच्या बाभळीवर नजर ठेवून पळायची. उभं करायचं तेही असं की बघणाऱ्याला चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, एकामागं एक झाकलेले नकोत. हे शिकायला पंधरा दिवस गेले. बसून चालवणं त्या मानानं सोपं. पोरगी गोधडीवर बसून वाढलेली, फक्त उसन्या आणलेल्या खोगिराच्या रिकिबी तिला दोन वेळा आखूड कराव्या लागल्या.

आता माझी चूक. आमच्या घोड्यांना आम्ही नाल मारत नाही, खूर दगडासारखे असतात. पण ज्यानं त्यानं सांगितलं की नालेशिवाय घोडी उघडी दिसते. मी ऐकलं. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी नालबंद बोलावला, नाल मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडी डावा पुढचा पाय पुढं टाकून उभी. पायावर भार देईना. खुराला हात लावला तर इतर तिघांपेक्षा गरम. नालबंद परत आला, हातोडीनं एकेका खिळ्यावर टकटक केली, बाहेरून तिसऱ्या खिळ्यावर घोडीनं पाय ओढून घेतला. खिळा जिवंत भागाला टेकला होता. चारही नाला काढल्या, भोकात आयोडीन, डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन, चार दिवस मऊ जमिनीवर नुसती उभी. पोरगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. घोडी सरळ चालायला लागली, डॉक्टरांनी पाय बघून होकार दिला, तेव्हाच गाडी सांगितली. गेली ती अनवाणीच.

पाणी घरून चार कॅन नेलं, कारण परक्या पाण्याला घोडं तोंड लावत नाही, आणि पाणी कमी झालं की पोटशूळ. चंदीही घरचीच, तेच भिजवलेले हरभरे, तेवढंच माप.

मैदानाच्या दारात फ्लेक्सची कमान. वारा सुटला की ती फडफडायची, शेजारी स्पीकरची भिंत. कमानीपासून दहा पावलांवर तांबडीनं चारही पाय रोवले, नाकपुड्या रुपयाएवढ्या. मागून शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "चाबूक दे की!" थोरलीनं दावं ओढलं नाही. घोडीला कमानीकडं पाठ करून एक गोल घेतला, मग दुसरा, जरा जवळून. तिसऱ्या गोलात घोडीनं स्वतःच मान लांब करून फ्लेक्सचा कोपरा हुंगला, वर फुरफुरली आणि आत गेली. माझ्या लेखी स्पर्धा तिथंच झाली.

आत निवेदकानं माईकवरून विनोद केला, "हे तट्टू आलं, घोडा मागून येतोय का?" लोक हसले. पोरगी हसली नाही, पळतानाही नजर समोरच. परीक्षकांनी कान बघितले, उंची मोजली, रंग लिहिला, दोन पायांवर उभी राहते का ते विचारलं. खूर कुणी उचलून बघितला नाही. पाठीवरून, तंगाच्या (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) जागेवरून कुणी हात फिरवला नाही. संपल्यावर एका कार्यकर्त्यानं तक्ता दाखवला: कान, उंची, रंग, नाच, पेहराव. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात, देखणे दिसतात, मला मान्य आहे. तांबडीचे सरळ आहेत. म्हणजे वर्ग भरायच्या आधीच ती नापास.

पेहरावाचंही ऐका. फेटा हवा, असं सांगितलं होतं. आम्ही पोरीला घोडेस्वारीचं हेल्मेट घातलं, उसनं आणलेलं. फेटा छानच दिसतो, पण घोड्यावरून पडलं की डोक्याचा नारळ होतो. मार्क कापले असतील तर खुशाल कापा.

आणि एक बोचणारी गोष्ट. बक्षीस घेणाऱ्यांत दोन घोड्यांच्या तोंडाला लाल फेस होता. लगामाला आतून काटे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत काटेरी लगामाला चक्क बंदी आहे. दारात दाखला बघणाऱ्या माणसानं त्याच वेळी लगाम हातात घेऊन बघितला तर किती वेळ जाईल? अर्धा मिनिट.

माझं मागणं एवढंच. भीमथडीचा वर्ग वेगळा ठेवा. मार्क द्या ते खुराला, पायांच्या सरळपणाला, पाठीला, शांतपणाला. नाचाच्या जागी बिऱ्हाड लादून चालवून दाखवायचं ठेवा, पण भार बेतानं, त्याच नियमांत तट्टाला ७० किलोची मर्यादा घातली आहे. तक्ता महिनाभर आधी मराठीत छापून द्या, म्हणजे माझ्यासारखा माणूस कुणाच्या सांगण्यावरून खिळे ठोकून बसणार नाही. अठराच्या आतल्या स्वाराला हेल्मेट सक्तीचं करा. पहिल्यांदा आलेल्यांचा वर्ग सकाळी, स्पीकर लावायच्या आधी घ्या. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही.

परवा तांबडीला महाडच्या बाजूला भावांच्या वाड्यावर पोचवली. तिथं पिकअप भिडवायला बांध नव्हता. आम्ही माती ओढून उतार करायच्या विचारात होतो, तेवढ्यात थोरलीनं दावं सैल सोडलं आणि घोडी हौद्यातून खाली उडी मारून थेट मेंढरांत गेली. संध्याकाळी तिच्या पाठीवर वाघर होती.

आपला,
एक मेंढपाळ, ता. फलटण, जि. सातारा