वटवाघळांची मोजदाद आत्ताच करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाघ, बिबट्या, माळढोक यांच्यावर तुमच्या पेपरात नेहमी येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण वटवाघळाची बातमी फक्त निपाहची भीती पसरली की येते, म्हणून हे पत्र लिहितेय.

पॅसिफिकमध्ये ग्वाम नावाचं बेट आहे, अमेरिकेच्या ताब्यातलं. तिथे फळं खाणाऱ्या वटवाघळाची एक छोटी जात होती, टेरोपस टोकुडी, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, अंग तपकिरी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना सोनेरी झाक. अख्ख्या जगात या जातीचे नमुने किती, तर तीन! पहिला नमुना १९३१ ला शास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि शेवटची मादी १९६० च्या दशकात शिकाऱ्यांनी मारली, तिच्याबरोबर पिल्लू होतं ते निसटलं. पुरावा संपला इथेच. ती काय खायची, पिल्लं कधी व्हायची, कुणी नीट लिहून ठेवलंच नाही.

तिथल्या मूळच्या चामोरो लोकांकडे सणासमारंभाला वटवाघूळ नारळाच्या दुधात शिजवायचे, त्यामुळे शिकार जोरात होती, त्यात जंगल कमी झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून बाहेरचा साप येऊन बेटभर पसरला. मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. अमेरिकेने या जातीला कायद्याचं संरक्षण दिलं १९८४ मध्ये, म्हणजे ती शेवटची मादी मारल्यावर इतक्या वर्षांनी, आणि २०२३ मध्ये नामशेष म्हणून यादीतून नाव काढून टाकलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर, कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादी गेली २०२२ च्या दुरुस्तीत. बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये जगापुढे आलं आणि नंतर कित्येक दशकं तेवढ्या एकाच जागेवरून माहीत होतं. चिकूवाल्यांचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, पण हीच फळं खाणारी वटवाघळं रात्रभर फिरून बिया लांब लांब नेऊन टाकतात त्याचा हिशोब कोण करतं?

गावागावात वड-पिंपळावर वाघळं लटकलेली असतात, अशा झाडांची वनखात्याने तालुकावार नोंद करावी, दरवर्षी मोजणी करावी आणि आकडे जाहीर करावेत. तुम्हीही बातमीदारांना याच्या मागे लावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, चिपळूण