पहिला पगार

वाडी, नागपूर

प्रिय मित्रा,

पगार झाला का, म्हणून तू किती दिवसांचा विचारतोयस. फोनवर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसलो. झाला पगार. खात्यात 10,995 रुपये आले. मेसेज गोदामातच वाचला आणि हातात स्कॅनर तसाच धरून उभा राहिलो. ठेकेदाराच्या माणसाने भरतीच्या वेळी चौदा हजार म्हटलं होतं. घरी, काकाजींना, तुलाही मी चौदाच सांगितलं होतं.

रात्री खोलीवर पावती उघडून एकेक ओळ वाचली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,500, त्याचे 12 टक्के म्हणजे 1,500 पीएफ. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, 105. प्रोफेशनल टॅक्स 200. याचा मला राग नाही. सोबतच्या एका दादाने नीट समजावून सांगितलं की पीएफ आपलाच पैसा, मालकाच्या बाजूनेही तेवढाच भरावा लागतो, फक्त यूएएन, म्हणजे पीएफचा आपला नंबर, चालू करून पासबुक पाहत राहायचं. मालक भरतो की नाही, ते तिथेच कळतं. आणि आईबाबा आपल्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं ईएसआयसीत टाकता येतात, मग सोमवारी पेठ भागातल्या त्यांच्या दवाखान्यात त्यांनाही दाखवता येतं. बाबांचे गुडघे डोळ्यांपुढे आले. ते 105 रुपये तर मी आनंदाने देईन.

डोकं फिरलं ते त्याखालच्या ओळीने. 'गणवेश व बूट: 1,200.' एक टी-शर्ट आणि बूट, त्यातल्या उजव्या बुटाचा तळ आत्ताच पुढून सुटलाय, चालताना फटफट वाजतो. हे पैसे कापणार असं एका शब्दाने कुणी बोललं नव्हतं. आणि ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य! सणाच्या मालाच्या गाड्या लागल्या तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबवून घेतलं आम्हाला. किती वाजता सुटलो ते सुपरवायझरच्या वहीत आहे, पुढे आमच्या सह्या आहेत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरलेल्या तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायचे, असं स्पष्ट लिहिलंय. कमी पगार मी समजू शकतो रे, बारावीवर कोण जास्त देणार. पण केलेल्या कामाचं शून्य लिहितात, याने जीव तुटतो.

खोलीभाडं आणि डबा देऊन जे उरलं त्यातून ताईच्या फीसाठी 4,000 पाठवले. पाच म्हणालो होतो. आईचा फोन आला, "भेटले का रे चौदा?" मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "असू दे बाबू, जेवला का?" त्यानंतर माझ्याच्याने बोलवेना. टेकडी गणपतीला मात्र पेढे नेले, तो नवस तिचा होता.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल उतरला की तूही इकडे येतो म्हणतोस. ये, मला सोबत हवीच आहे. पण ठेकेदाराला आधी विचार की सगळं कापून हातात किती पडणार, गणवेशाचे पैसे कोण देणार, ओव्हरटाइम कोणत्या दराने. आणि त्याने सांगितलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घे. नुसत्या तोंडी आकड्यावर काटोल सोडू नको.

आम्ही काही जण मिळून ठेकेदाराला लेखी अर्ज देणार आहोत. ओव्हरटाइमचा हिशोब आणि गणवेशाचे पैसे परत, एवढंच मागायचं. त्याने ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ. दोघेजण घाबरलेत, काढून टाकतील म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. घरी लहान लेकरं आहेत त्यांच्या. त्यांच्या सह्या आम्ही मागणार नाही.

तू ग्रामपंचायतीचे अर्ज लिहितोस, तुझी भाषा पक्की आहे. पावतीचा फोटो पाठवतो. मसुदा करून दे, रविवारच्या आत. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
वाडीवाला