कांगारूची तिकिटं: आधी वॉटरमार्क बघ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियाच्या जुन्या टपाल तिकिटांचा तुझा लॉट रंगांवरून लावायला घेऊ नकोस. ऊन, पाणी आणि छपाईच्या वेगवेगळ्या खेपा, तिन्हींनी रंग फसवतो. आधी वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटलेली खूण, बघ, रंग सगळ्यात शेवटी.

देश १९०१ साली एक झाला, तरी तिथली राज्यं बारा वर्षं आपापलीच तिकिटं चालवत होती. नकाशावर कांगारू असलेलं १ पेनीचं लाल तिकीट आलं ते जानेवारी १९१३ मध्ये. अर्ध्या पेनीपासून २ पौंडांपर्यंत १५ किमती, चित्र सगळ्यांवर एकच, परफोरेशनही १२, म्हणजे कडेला दर दोन सेंटीमीटरला १२ भोकं. म्हणून भोकं मोजायचं गेज इथे फारसं कामाला येत नाही.

वॉटरमार्क म्हणजे मुकुट आणि त्याखाली ‘ए’. पहिल्या प्रकारात दोन्ही रुंद. दुसऱ्यात मुकुट रुंद, ‘ए’ अरुंद. तिसऱ्यात दोन्ही अरुंद. कांगारूंवर दुसरा आणि तिसरा, दोन्ही १९१५ पासून दिसतात. पुढे १९२९ ला बारीक मुकुटांची दाट नक्षी आली आणि १९३१ पासून ‘सी ऑफ ए’ (कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया) ही अक्षरं. हे शेवटचे दोन लगेच कळतात, घोळ होतो तो पहिल्या तिघांत. त्यासाठी मापं पाठ करण्यापेक्षा नमुने जवळ ठेव. कांगारूचं १ पेनी लाल नेहमी पहिल्याच वॉटरमार्कचं असतं आणि स्वस्तात मिळतं. पंचम जॉर्जचं १९१४ नंतरचं १ पेनी लाल बहुतेक दुसऱ्या प्रकारचं निघतं. ही दोन शेजारी ठेवून पाहिलं की ‘ए’च्या पायांमधलं अंतर डोळ्यात बसतं.

बघायची पद्धत अशी: काळ्या बशीत तिकीट चिमट्याने पालथं ठेव आणि वर वॉटरमार्क फ्लुइडचे (वॉटरमार्क बघण्यासाठी मिळणाऱ्या द्रवाचे) तीन-चार थेंब टाक. कागद ओला होताच मुकुट गडद दिसतो, पण काही सेकंदच, म्हणून भिंग हातात तयार ठेव. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नकोस, त्याने शाई जाऊ शकते. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको, बरीचशी फ्लुइडं पटकन पेटतात. आधीच्या कोणी चिकटवलेल्या हिंजचा (तिकीट अल्बममध्ये लावायच्या कागदी पट्टीचा) जाड थर राहिला असेल तर तिथे वॉटरमार्क दिसत नाही, उगाच चुकीचा निष्कर्ष काढशील. कोरं तिकीट पाण्यात घालू नकोस, डिंक जाईल. रंगीत पाकिटाच्या तुकड्यावरचं तिकीट वेगळ्या वाटीत भिजव, एका लाल कागदाने सगळा लॉट गुलाबी होतो.

खरी सावधगिरी लागते ती मोठ्या किमतींना: ५ शिलिंग, १० शिलिंग, १ आणि २ पौंड. संग्राहकांसाठी वर ‘स्पेसिमेन’ म्हणजे ‘नमुना’ असं छापलेली तिकिटं त्या काळी विकली जात. ती अक्षरं खरवडून किंवा धुऊन वर खोटा शिक्का मारलेली तिकिटं अजून फिरतात. तिकीट तिरक्या उजेडात धर. जिथे अक्षरं होती तिथला कागद केसाळ दिसतो, कधी छपाईच्या रेघाही तिथेच पुसट होतात. मग शिक्क्याची तारीख वाच. वॉटरमार्क तिसरा आणि शिक्का १९१४ चा, असं निघालं तर शिक्का खोटा, दुसरं काही नाही. कडेच्या दात्यांकडेही बघ: एकाच बाजूची भोकं कोरी करकरीत आणि तिकीट तेवढ्याच बाजूने अरुंद असेल, तर तुटके दाते कापून नवे पाडलेत.

२ पौंडांचं कोणी देऊ केलं तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आधी, पैसे नंतर. आणि लॉटमधल्या १ पेनीच्या लाल तिकिटांतलं एक चांगलं नमुन्यासाठी आत्ताच बाजूला काढून ठेव.

तुझा,
अनिल