आधी पक्कड हातात द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला प्रौढ शिक्षणावरचा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा जिवाला लागला. आधी पायाभूत गणित पक्के करून घ्या, मग हाताला कौशल्य द्या, हा क्रम लेखकांना सरळ वाटत असेल. त्या क्रमापायी माणसे दारातूनच माघारी जातात. मी वायरमन ट्रेडचा निवृत्त शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयतला शिक्षक आहे. गेली सहा वर्षे इचलकरंजीत, दिवसपाळी सुटल्यावर, मागावरच्या कामगारांचा वर्ग घेतो आहे, म्हणून हे लिहितो.

या लोकांना आकडेमोड येत नाही, असे लेखकांनी लिहिले आहे. आमच्याकडे मजुरी पिकावर, म्हणजे कापडात इंचाला किती आडवे धागे बसले त्यावर ठरते. अमुक पिकाला मीटरमागे अमुक पैसे, आठवड्यात कापड किती मीटर उतरले, उचल किती वजा, हा हिशेब कामगाराच्या तोंडावर असतो आणि तो एका रुपयानेही चुकत नाही. त्याच माणसापुढे पाटीवर भागाकार मांडला की तो खाली मान घालतो. त्याला गणित येते. शाळेतली मांडणी तेवढी सुटलेली असते.

माझ्या वर्गात सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी ते वायरिंग शिकायला एका प्रशिक्षण केंद्रात गेले होते. तिथे त्यांच्या हातात कागद दिला : अपूर्णांकांची बेरीज, ल.सा.वि., शेकडेवारी. त्यांना एकही गणित सुटले नाही. ‘आधी हे शिकून या’ म्हणून परत पाठवले. ज्याने पंचवीस वर्षे माग चालवला, त्याला पक्कडसुद्धा हातात न देता घरी पाठवले! आमच्याकडे आले तेव्हा पहिलेच वाक्य होते, ‘सर, भागाकार चौथीतच सुटलाय, तेवढा सोडून शिकवा.’

त्यांना भागाकार शिकवला तो दोन बल्बनी. बोर्डावर ४० वॅटचा आणि १०० वॅटचा, असे दोन जुने पिवळे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले. (बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच आहे, मेन स्विच माझ्याच हातात असतो.) जास्त उजेड कोणाचा, विचारले. सगळा वर्ग म्हणाला, शंभरचा. स्विच दाबला तर शंभरच्या बल्बाची तार नुसती लालसर झाली, उजेड पडला तो चाळीसचा. हे गृहस्थ उठून पुढे आले. मेन बंद करायला लावला, बल्बांची अदलाबदल केली, पुन्हा लावून पाहिले. तेच. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, ‘का?’

त्या ‘का’चे उत्तर भागाकारातच आहे. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० गुणिले २३०, म्हणजे ५२,९००. त्याला वॅटने भागले की पूर्ण तेजाने जळणाऱ्या बल्बाचा रोध, म्हणजे तो करंटला करतो तो अडथळा मिळतो. शंभरचा लगेच निघाला, ५२९ ओहम. चाळीसला ते थांबले. मग स्वतःच पुटपुटत आधी दहाने भागले, मग चारने, आणि म्हणाले, ‘तेराशे साडेबावीस.’ सिरीजमध्ये करंट दोघांना सारखाच, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याचा उजेड जास्त. चौथीत सुटलेला भागाकार आणि दशांश चिन्ह, दोन्ही एका संध्याकाळी परत आले.

आमच्या धंद्याची भाषाच हिशेबाची आहे. लायटिंगला दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर, पॉवरला अडीचची. पावकी-निमकी-दीडकी, हे अपूर्णांकांचे जुने पाढे, आज वायरच्या दुकानात ऐकायला मिळते. जुने वायरमन अजून ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. कागदावर ते ३/२२ लिहिले की नवा माणूस अपूर्णांक समजतो. प्रत्यक्षात २२ गेजचे तीन पदर. गेजचा आकडा मोठा तर तार बारीक, हे तार सोलून बोटांनी चाचपले की कायमचे कळते. दोन हजार वॅटचा गीझर (दोन हजार भागिले २३०) पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, तो सहा अँपिअरच्या सॉकेटला का लावायचा नाही, हा भागाकार ज्याला कळला त्याचे घर वाचते.

‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण आहेत. त्या पन्नासांची तयारी वीजबिलावर आणि स्विचबोर्डवर का होऊ नये? पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हातांनी काम करत शिकण्याची वाट घालून दिली. लेखकांनी तिचा एका ओळीतही उल्लेख करू नये, याचे वाईट वाटते.

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर एका कुटुंबाचा ‘महिन्याचा ३०० किलोवॅट वापर’ छापला आहे. वापर युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासात मोजतात. ही चूक माझ्या आधी त्या गृहस्थांच्या लक्षात आली. एक एचपी (अश्वशक्ती) म्हणजे ७४६ वॅट धरून त्यांनी वर्तमानपत्राच्याच कोपऱ्यात पेन्सिलीने भागाकार केला : ३०० किलोवॅट म्हणजे एकेक एचपीच्या चारशे मोटरी एकदम चालू. एवढे माग आमच्या अख्ख्या गल्लीत नाहीत. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, इचलकरंजी